गाणं पुढे, गवई मागे

परवा संध्याकाळी शेजारचे काका लॅपटॉप काखेत मारून आले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट बंद झाले, त्यांचा लॅपटॉप ११ च्या अटींत बसत नाही. दुकानदार म्हणतो नवा घ्या. बंगलोरचा मुलगा म्हणतो लिनक्स टाका, फुकट आहे. "तुम्ही ते लिनक्सवाले ना? टाकू का सांगा."

पूर्वी हा प्रश्न कुणी विचारला की माझी छाती वीतभर फुगायची. गेली कित्येक वर्षं मात्र मी उत्तराआधी एक प्रश्न विचारतो. "काका, तुम्ही यावर करता काय?"

"विशेष काही नाही हो. बँकेचं बघतो, मेल बघतो. आणि रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ. मोठा करून."

मोठा करून! हे दोन शब्द ऐकले की मला आप्पा आठवतात.

गोष्ट २००९ ची. मी पुण्यात नोकरीला, आई-आप्पा साताऱ्याला. घरी एक जुना डेस्कटॉप होता. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, मदरबोर्डावरचीच ग्राफिक चिप आणि सतरा इंची, पोट सुटलेला काचेचा मॉनिटर. त्यात चोरीचं विंडोज एक्सपी, आणि दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या पेन ड्राइव्हमधून येणारा व्हायरस. साताऱ्याला गेलो की माझा अर्धा रविवार तो झाडण्यात जायचा. शेवटी वैतागून मी एका खेपेला उबुंटू टाकून दिलं. तेव्हा उबुंटूच्या सीडी मागितल्या की घरपोच फुकट यायच्या, टपालखर्चसुद्धा पडायचा नाही. (ती योजना २०११ मध्ये बंद झाली.) माझ्याकडे त्या पाकिटांची चळतच होती, दिसेल त्याला वाटायचो.

टाकून झाल्यावर मी आप्पांना तासभर व्याख्यान दिलं. ही प्रणाली कुणा एकाच्या मालकीची नाही, जगभरातली माणसं मिळून ती बनवतात, हिला व्हायरस सहसा लागत नाही वगैरे वगैरे. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय. सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बरं. आता भीमसेन लाव."

आदल्या नोव्हेंबरातच पंडितजींना भारतरत्न जाहीर झालं होतं. आप्पांनी तरुणपणी त्यांना सवाई गंधर्व महोत्सवात समोर बसून ऐकलेलं. भीमसेनजींचं गाणं नुसतं ऐकायचं नसतं, बघायचंही असतं, हे ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. तानेबरोबर उठणारा तो हात, ती मान, तो चेहरा. आप्पांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. यूट्यूबचा तो पोस्टकार्डाएवढा चौकोन त्यांना धड दिसायचाच नाही. "मोठं कर की," म्हणाले. मी कोपऱ्यातलं बटण दाबलं.

पडदाभर भीमसेनजी आले... आणि थिजले. आवाज चालूच. मग एकदम हात वर. मग पुन्हा पुतळा. लग्नाच्या अल्बमची पानं उलटावीत तशी चित्रं बदलत होती. तान संपली, सम आली, लोकांनी दादही दिली, तरी पडद्यावरचा हात आपला वरच! आप्पा मिनिटभर बघत राहिले. मग म्हणाले, "लेका, गाणं पुढं गेलं की रं. गवई मागंच राहिला."

मला हसू आलं, आणि लाजही वाटली.

ज्यांना हे का व्हायचं ते जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी थोडं यंत्राच्या पोटात शिरतो. तेव्हाचा यूट्यूबचा साधा व्हिडिओ ३२० बाय २४० ठिपक्यांचा, म्हणजे एका चित्रात ७६,८०० ठिपके. तोच १०२४ बाय ७६८ च्या पडद्यावर ताणला की होतात ७,८६,४३२. दहापट. सेकंदाला पंचवीस चित्रं धरली तर जवळजवळ दोन कोटी ठिपके रंगवायचे, दर सेकंदाला, न थांबता. शिवाय व्हिडिओत रंग लाल-हिरवा-निळा असे साठवलेले नसतात. उजेड वेगळा आणि रंग वेगळा, रंग तर जरा ढोबळमानानेच, कारण आपल्या डोळ्याला उजेडातले बारकावे जास्त कळतात. ही युक्ती रंगीत टीव्हीच्या जमान्यातली. १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं तेव्हा घरोघरचे कृष्णधवल संच बाद झाले नाहीत ते यामुळेच. त्यांनी उजेड तेवढा घेतला, रंग सोडून दिला. संगणकाच्या पडद्याला मात्र लाल-हिरवा-निळाच लागतो, म्हणून ठिपक्या-ठिपक्याला गुणाकार-बेरजा करून रंग बदलून घ्यावे लागतात.

ताणणं आणि रंग बदलणं, ही दोन्ही कामं ग्राफिक चिपला हसतहसत जमतात. लिनक्सवर त्यासाठी एक्सव्ही नावाची सोय होती. एमप्लेअर आणि व्हीएलसी तीच वापरायचे. फ्लॅशचं घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच ठिकाणी. फ्लॅशला व्हिडिओवर बटणं, अक्षरं, जाहिराती असं काहीही रंगवता यायचं, अर्धपारदर्शकसुद्धा. त्यासाठी प्रत्येक चित्र आधी लाल-हिरव्या-निळ्यात आणून स्वतःच्या हाताशी ठेवावं लागायचं. एक्सव्हीला मात्र एकदा चित्र दिलं की ते थेट पडद्यावर, मध्ये काही मिसळायला ते परत मिळायचं नाही. त्यामुळे सगळा भार बिचाऱ्या प्रोसेसरवर. अडोबीत लिनक्सच्या फ्लॅशवर काम करणारे माइक मेलनसन हे स्वतः एफएफएमपेगसारख्या मुक्त प्रकल्पातले जुने प्रोग्रामर. त्यांनीच हे दुखणं तेव्हा जाहीरपणे समजावून सांगितलं होतं.

त्यात लिनक्सच्या ताटात सगळं उशिरा पडायचं. फ्लॅशची आठवी आवृत्ती लिनक्सला आलीच नाही, सातनंतर एकदम नववी, जानेवारी २००७ मध्ये. त्याच वर्षाच्या अखेरीस विंडोज आणि मॅकवर फुल स्क्रीन ताणायचं काम ग्राफिक कार्डाकडे देण्याची सोय झाली. जून २०१० च्या १०.१ मध्ये एच.२६४ व्हिडिओ उलगडायचं कामही कार्डाकडे गेलं, पण सुरुवातीला फक्त विंडोजवर. लिनक्सची पाळी आली आणि २०१२ च्या ११.२ मध्ये एनव्हिडियाच्या कार्डांवर लाल-निळ्या रंगांची अदलाबदल झाली. यूट्यूबवरची माणसं निळी दिसायला लागली! बातम्या देणारे, भाषण ठोकणारे, सगळे एकजात घननीळ. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत अडोबीने सांगून टाकलं होतं की यापुढची नवी आवृत्ती लिनक्सवर फक्त क्रोमबरोबर मिळेल.

म्हणजे आम्हा लिनक्सवाल्यांकडे बोट दाखवायला जागा होती, आणि आम्ही ते मनसोक्त दाखवलंही. प्लगिन बंदिस्त, त्याचा कोड कुणाला बघता येत नाही, मग दुरुस्त कोण करणार? हे सगळं खरंच होतं. आजही खरं आहे.

पण मला बोलायचंय ते त्यानंतरचं.

रँडल मन्रो यांची 'एक्सकेसीडी' ही चित्रमालिका अनेकांना माहीत असेल. २००९ मध्येच तिच्यात एक चित्रकथा आली होती. लिनक्सचा एक प्रोग्रामर अभिमानाने सांगतो की नव्या पॅचमुळे आता ४,०९६ प्रोसेसरांची यंत्रंसुद्धा चालतील. समोरचा विचारतो, फ्लॅशचा व्हिडिओ फुल स्क्रीन सुरळीत चालायला लागला का? उत्तर येतं की नाही, पण ते वापरतं कोण! आम्ही मित्रांनी ते चित्र एकमेकांना पाठवलं, पोट धरून हसलो. विनोद आपल्यावर आहे हे कळत होतं, पण तो 'आपण' म्हणजे अमेरिकेतला कुणीतरी दाढीवाला असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं होतं.

आणि मी त्याच सुमाराला आप्पांना काय सांगत होतो? "आप्पा, मोठं कशाला पाहिजे? तसंच बघा ना, जरा जवळ बसून." मोतीबिंदू झालेल्या माणसाला!

मग मला एक क्लृप्ती सापडली. फ्लॅश व्हिडिओ उतरवून घेताना त्याची फाइल /टीएमपी या फोल्डरात ठेवायचं, 'फ्लॅश' असं नाव आणि पुढे काहीबाही अक्षरं. ती उचलून एमप्लेअरमध्ये लावली की त्याच पेंटियमवर, त्याच मॉनिटरवर, पडदाभर भीमसेनजी अगदी सुरळीत. हात आणि तान बरोबर. मला तो शोध लागला तेव्हा जो आनंद झाला तो काय वर्णावा! मी एका फुलस्केपवर पायऱ्या लिहून काढल्या. एक, पान उघडा. दोन, व्हिडिओ थांबवा आणि खालची पट्टी पूर्ण भरू द्या (आमच्या जोडणीवर यात चहा होऊन जायचा). तीन, पान बंद करू नका. चार, टर्मिनल उघडा. असं करत आठ पायऱ्या. सुंदर अक्षरात, टर्मिनलमध्ये टाइप करायचं ते लाल शाईने. कागद मॉनिटरच्या कडेला चिकटवला.

आप्पांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. पोस्टात नियमावल्या वाचण्यात आयुष्य गेलेलं, त्यांना आठ पायऱ्यांचं भय नव्हतं. म्हणाले, "आणि विंडोजवर काय करावं लागतं?"

"बटण दाबायचं."

ते काहीच बोलले नाहीत. पुढच्या खेपेला गेलो तर संगणकावर आईने विणलेलं झाकण होतं, आणि झाकणावर धूळ. दिवाळीत धाकट्या भावाने पुन्हा एक्सपी टाकलं. मी आठवडाभर त्याच्याशी नीट बोललो नाही. आता आठवलं की माझंच मला नवल वाटतं.

त्या कागदात काही खोटं नव्हतं. पण आमच्या गोटात तेव्हा, आणि खरं सांगायचं तर आजही, 'पळवाट आहे' आणि 'चालतं' यातला फरक फार लवकर पुसला जातो. कुणी म्हणालं की लिनक्सवर व्हिडिओ अडखळतो, की आम्ही म्हणणार, छे, चालतो की, फक्त अमुक ड्रायव्हर टाका, तमुक ओळ बदला. पळवाट सापडली की आपल्या लेखी प्रश्न सुटलेला असतो. विचारणाऱ्याच्या लेखी तो तिथे सुरू होतो. आणि ज्याला ती जमत नाही तो मुकाट्याने उठून जातो, भांडतही नाही. मग आपण म्हणायला मोकळे की तक्रार कुणाचीच नाही, ते वापरतं कोण.

२०१७ ला आप्पांच्या हातात अँड्रॉइड फोन आला. डेटा स्वस्त झालेला, मोतीबिंदू काढून झालेला. एकदा गेलो तर फोन आडवा धरून, कानात वायरी घालून भीमसेनजी चालू. मी खांद्यावरून डोकावलो. एक झटका नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, "आप्पा, याच्या आत काय आहे ठाऊक आहे? लिनक्सच आहे!"

त्यांनी एका कानातली वायर काढली. "मग तवा कुठं गेलं होतं?"

या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. कर्नल तोच. फोनातला प्रोसेसर आमच्या पेंटियमपेक्षा दांडगा हे खरं, पण एमप्लेअरने दाखवून दिलं होतं की पेंटियमही कमी पडत नव्हता. फरक इतकाच की फोन बनवणारा चिप, तिचा ड्रायव्हर आणि व्हिडिओ दाखवणारा प्रोग्रॅम ही सगळी साखळी एकत्र निवडतो, आणि व्हिडिओ अडखळला तर तो फोन दुकानातून परत येतो. कुणाचा तरी पगार त्यावर अवलंबून असतो. डेस्कटॉपवरच्या लिनक्सचं चित्र सरकारी कचेरीसारखं. कर्नलवाले म्हणणार ड्रायव्हर बघा, ड्रायव्हरवाले म्हणणार एक्स सर्व्हर बघा, तिथले म्हणणार ब्राउझर, आणि ब्राउझरवाले म्हणणार या एवढ्या तऱ्हेतऱ्हेच्या कार्डांची खात्री आम्ही कशी देणार. प्रत्येक जण खरं बोलतोय. फक्त 'पडदाभर भीमसेन' हे कुणाच्याच टेबलावरचं काम नाही.

फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपलं, बरं झालं. त्याआधीच, जानेवारी २०१५ पासून, यूट्यूबने एचटीएमएल५ हाच नेहमीचा मार्ग केला होता. बंदिस्त प्लगिनवर वेब उभं करू नका असं ओरडणारे लोक बरोबर ठरले, मी त्यांच्यातलाच होतो. वाटलं, आता सुटलो. आता काही बंदिस्त नाही, आता सबब नाही.

आणि २०२० च्या टाळेबंदीत भाचीला मी माझा २०१२ चा लॅपटॉप दिला, लिनक्ससकट. तिचे मास्तर गणितं सोडवून व्हिडिओ टाकायचे. दुसऱ्याच दिवशी फोन. "मामा, फुल स्क्रीन केलं की सर बोलतात आधी आणि लिहितात नंतर."

अकरा वर्षांनी, जसंच्या तसं!

यावेळी बंदिस्त प्लगिन नव्हतं. यूट्यूब व्हीपी९ पद्धतीने बांधलेला व्हिडिओ पाठवत होतं आणि त्या लॅपटॉपातल्या ग्राफिक चिपला फक्त एच.२६४ उलगडता येत होतं, म्हणून सगळं पुन्हा प्रोसेसरच्या डोक्यावर. एच२६४िफाय नावाचं छोटं एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब एच.२६४ पाठवतं. पण चिपला ते काम द्यायची सोय लिनक्सवरच्या फायरफॉक्समध्ये त्याच वर्षी नुकती आली होती, आणि ती मुळात बंद ठेवलेली. सेटिंगच्या आतल्या पानावर जाऊन एक ओळ बदलली तर चालू व्हायची. इंटेलच्या चिपांसाठी ती आपोआप चालू झाली जुलै २०२३ मध्ये, फायरफॉक्स ११५ पासून.

बंद ठेवण्याला कारणं होती, आणि ती फालतू नव्हती. एखाद्या ड्रायव्हरने मान टाकली तर अख्खा ब्राउझर कोसळतो. त्यात पेटंटचं लचांड. सप्टेंबर २०२२ मध्ये फेडोराने एच.२६४ चा हा हार्डवेअरचा आधार आपल्या मूळ पॅकेजातून काढला तो याच भीतीने, आता तो दुसऱ्या भांडारातून आणून बसवावा लागतो. वकिलांपुढे प्रोग्रामर काय करणार? हे सगळं समजून घेऊनही माझं म्हणणं इतकंच आहे की भाचीला मामा होता. ज्या मुलीला मामा नव्हता तिने काय केलं असेल? तिने ती ओळ शोधली नसणार. सर बोलतात आधी आणि लिहितात नंतर, हे तिने तसंच चालवून घेतलं असेल, नाहीतर आईचा फोन मागून घेतला असेल.

मी लिनक्स सोडलेलं नाही. हे लिहितोय तेही त्यावरच. पण 'लिनक्स तयार आहे का' या जुन्या वादात सर्व्हर, सुपरकॉम्प्युटर आणि मंगळावरच्या हेलिकॉप्टरचे दाखले ऐकले की मी हल्ली गप्प बसतो. माझी परीक्षा साधी झाली आहे. यंत्र समोर घ्यायचं, काही बदलायचं नाही, व्हिडिओ लावायचा, मोठा करायचा, दहा मिनिटं बघायचं. हात आणि तान बरोबर आहेत का. पंखा विमानासारखा ओरडतोय का. एवढंच. यात नापास झालं तर 'पण' लावून पुढे बोलायचं नाही.

तर, काकांचा लॅपटॉप. मी त्यांना हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. म्हटलं दोन दिवस ठेवून जा. काल पेन ड्राइव्हवरूनच, काही न पुसता, लिनक्स चालवून बघितलं. बँकेचं पान उघडलं, मेल उघडलं, मराठी टाइप झालं. मग व्हिडिओ लावला आणि मोठा केला. चित्र सुरळीत आहे, पण सातव्या मिनिटाला पंखा सुरू झाला आणि थांबेना. म्हणजे काम अजून प्रोसेसरच करतोय, चिप नुसती बसून आहे. ड्रायव्हर बघायला हवा. काकांचा सकाळी फोन आला होता, झालं का म्हणून. म्हटलं, चालतंय, पण झालेलं नाही. आज रात्री जेवण झाल्यावर पुन्हा बसणार आहे.